मानेतली धमनी : रोजनिशीतील काही पानं

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

संध्याकाळी वकील मित्र आले. सिव्हिल लाइन्सहून थेट, काळा कोट हातावर टाकून. थंडी पडायला लागली आहे. हिने चहाबरोबर काटोलची संत्री सोलून ठेवली होती, पण त्यांनी फोडीला हात लावला नाही. पिशवीतून फाइल काढली आणि म्हणाले, "सर, एवढं वाचून सांगा."

प्रकरण एका तालुक्याच्या गावचं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, माणसांचंही नाही. वरातीत डीजेवरून बाचाबाची झाली. दोघंही प्यायलेले. एकाने दुसऱ्याच्या कानाखाली बुक्की मारली, एकच. मार खाणारा जागीच कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला होता. वय तिशीच्या आतलं. मारणाऱ्यावर खुनाचं कलम लागलं आहे.

पीएम रिपोर्ट मी तीनदा वाचला. कानामागे रुपयाएवढा मुका मार. कवटी शाबूत. मेंदूच्या तळाशी साकळलेलं दाट रक्त, सबअरॅक्नॉइड रक्तस्राव. मानेच्या रकान्यात तीन अक्षरं : एन.ए.डी., म्हणजे विशेष काही आढळलं नाही. व्हिसेरा राखून ठेवला, रासायनिक तपासणीत दारू निघाली. मृत्यूचं कारण : डोक्यास मार.

मान उघडलेलीच नाही, हे रिपोर्टच्या भाषेवरून मला कळतं. मानेचा एकही थर त्यात वर्णन केलेला नाही. उघडून काही सापडलं नाही तरी आपल्याकडे तीच तीन अक्षरं लिहितात आणि उघडलीच नाही तरी तीच.

"मग हे रक्त आलं कुठून?" वकिलांनी विचारलं.

"तेच तर यात लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रात्री झोप आली नाही. पहाटे उठून जुनं शरीररचनेचं पुस्तक काढून बसलो. चाळीस वर्षं शिकवलेली गोष्ट पुन्हा पाहिली.

मेंदूकडे रक्त चार वाटांनी जातं. पुढच्या दोन कॅरॉटिड धमन्या गळ्यावर बोट ठेवलं की हाताला लागतात. मागच्या दोन, व्हर्टिब्रल, कोणाच्या हाताला लागत नाहीत. मानेच्या सहाव्या मणक्यापासून वर प्रत्येक मणक्याच्या बाजूला एक छिद्र असतं आणि मण्यांतून दोरा ओवावा तशी ही धमनी त्या छिद्रांतून चढत जाते. पहिल्या मणक्यावर पोचली की ती आडवी वळते, मणक्याच्या पाठीवरच्या खोबणीत लवते आणि मेंदूचं जाड आवरण भेदून कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत शिरते. आत दोन्ही बाजूंच्या मिळून एक बेसिलर धमनी होते. ती पुढे मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याला मिळते. हे कडं थॉमस विलिसच्या नावाने ओळखतात. त्याचा ग्रंथ १६६४ सालचा, आणि त्यातल्या आकृत्यांना हात लागला तो ख्रिस्तोफर रेनचा, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथिड्रल बांधलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगत असे. घरं बांधणाऱ्या माणसाला हे कडं काढावंसं वाटलं, यात मला नवल वाटत नाही. कमानीसारखंच आहे ते.

आपण मान वळवतो ती मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या सांध्यात. धमनीला तिथे थोडी ढील दिलेली आहे. आवरण भेदून आत जाते तिथे मात्र ती जखडलेली असते. जबड्याच्या कोनावर किंवा कानाखाली अनपेक्षित फटका बसला की डोकं एका झटक्यात फिरतं आणि कलतंही. शुद्धीवरचा माणूस मान आखडून घेतो. प्यायलेल्याचे स्नायू सैल असतात, त्याला ते वेळेवर जमत नाही. धमनी ताणली जाते, तिची भिंत आतून चिरते, कधी आरपार फाटते. रक्त मेंदूच्या बुंध्याभोवती पसरतं, आणि श्वास चालवणारी केंद्रं नेमकी तिथेच आहेत. माणूस काही मिनिटांत, कधी त्याच क्षणी संपतो. बाहेर दिसतो तो कानामागचा निळसर डाग. काही वेळा तोही दिसत नाही.

पण तळाशी रक्त साचायला दुसरंही कारण असतं. कड्याच्या फाट्यांवर काहींच्या धमनीला लहानसा फुगा आलेला असतो, अ‍ॅन्युरिझम. शंभर प्रौढांत दोन-तिघांना तो असतो आणि बहुतेकांना मरेपर्यंत कळतही नाही. भांडणाच्या भरात रक्तदाब चढला की तो आपोआप फुटू शकतो. वरून पाहिलं तर दोन्ही ठिकाणी रक्त सारखंच दिसतं. एकात बुक्कीने धमनी फाडली, दुसऱ्यात माणूस कदाचित बुक्कीशिवायही गेला असता. हे वेगळं कळायचं असेल तर फुगा शोधावा लागतो आणि मान उघडावी लागते. तिसरा मार्ग नाही.

हे लिहिताना एक जुनी दुपार आठवते. नोकरीचं तिसरं वर्ष. त्या दिवसाचा तो पाचवा देह होता. बाहेर झाडाखाली नातेवाईक, पोलीस घाईवर आलेले. थापड लागून मेलेला एक हमाल. कवटी उघडली, तळाशी रक्त दिसलं आणि मी "डोक्यास मार" लिहून सही केली. मान उघडली नाही. बाहेर त्याच्या आईने विचारलं, "एका थापडीनं माणूस मरते का जी, साहेब?" मी हो म्हणालो. मला माहीत नव्हतं, तरी हो म्हणालो. त्याच संध्याकाळी गंगाबाई घाटावर त्याला अग्नी दिला. पुरलेला देह दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पुन्हा काढता येतो. जाळलेल्या देहाची मान दुसऱ्यांदा कोणी उघडू शकत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वकिलांचा फोन. त्यांना फुगा हवा आहे. "फुगा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढं जरी लिहून दिलंत तरी चालेल."

त्यांचा दोष नाही, त्यांचं कामच ते आहे. पण या युक्तिवादाचा इतिहास चांगला नाही. १८७५ साली आग्ऱ्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी वेळेवर आणली नाही म्हणून आपल्या मोतद्दाराला मारलं. तो, कटवारू, मेला. प्लीहा फुटली होती. प्लीहा आधीच वाढलेली होती, मलेरियाच्या मुलखात अशी प्लीहा घरोघरी होती, असं म्हणत साहेबाला तीस रुपये दंड करून सोडलं. व्हाइसरॉय लिटनने या निकालावर जाहीर ताशेरे ओढले तेव्हा हिंदुस्थानातले गोरे त्याच्यावरच उखडले. त्या काळात असे खटले बरेच झाले. मेलेल्याच्या शरीरातला कमकुवतपणा मारणाऱ्याच्या कामी आला.

भारतीय दंड संहितेने १८६० सालीच याला उत्तर देऊन ठेवलं होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १०० मध्येही ते तसंच आहे : आजारी किंवा अशक्त माणसाला इजा करून कोणी त्याचं मरण अलीकडे ओढलं, तर ते मरण त्यानेच घडवलं असं धरायचं. म्हणजे फुगा सापडला म्हणून मारणारा आपोआप सुटत नाही. मात्र त्याला काय माहीत होतं, त्याचा हेतू काय होता, हा प्रश्न उभा राहतो आणि खून, सदोष मनुष्यवध की साधी दुखापत हे त्यावर ठरतं. एका माणसाच्या आयुष्याची पंधरा-वीस वर्षं त्या रकान्यावर टांगलेली असतात. म्हणून फुगा शोधायचा तो कोणाला वाचवायला किंवा अडकवायला शोधायचा नाही. आहे की नाही, एवढंच पाहायचं.

या प्रकरणात ते कोणीच पाहिलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी तर्री-पोहे आणायला निघालो तर समोरच्या घरापुढे गर्दी. त्यांचा बारावीतला पोट्टा क्लासहून येताना ऊंटखान्याजवळ गाडीवरून पडला होता. हेल्मेट होतं, आरशाला टांगलेलं. कानशिलावर टेंगूळ. मित्राने सांगितलं, पडल्यावर दोन-तीन मिनिटं तो बोलत नव्हता.

"काही नाही झालं काका, जराशी भोवळ आली होती," तो म्हणाला. हसत होता. वडील म्हणाले, "आता बरा आहे ना तो सर, झोपू द्या त्याले."

मी झोपू दिलं नाही. जरा कठोरच झालो. रिक्षा बोलावली, त्याला मधे बसवलं आणि सीटीची सोय असलेल्या इस्पितळात नेलं.

कानशिलाचं हाड कवटीतल्या सर्वांत पातळ हाडांपैकी. आतून त्याला लागूनच मिडल मेनिंजिअल धमनी जाते, इतकी लागून की हाडावर तिची खोबण कोरलेली असते. कोरड्या कवटीत दिव्यासमोर धरली तर नदीच्या फाट्यांसारखी दिसते. हाडाला तडा गेला की ही धमनी फाटते आणि हाड व आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असल्यामुळे रक्ताला जागा करून घ्यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस उठून बसतो, बोलतो, चहा पितो. घरचे म्हणतात, बरा आहे. मग डोकं दुखतं, उलटी होते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही.

अभिनेत्री नताशा रिचर्डसन १६ मार्च २००९ ला कॅनडात स्कीइंग शिकताना साध्या उतारावर पडली. मला काही झालं नाही म्हणाली, रुग्णवाहिका परत पाठवली गेली. दोन दिवसांनी ती गेली, वय ४५. कारण हेच. आपला रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लब सामन्यात हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा होता. चेंडू कानशिलावर लागला, तरी तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. मेंदूतल्या रक्तस्रावाने तीन दिवसांनी मेला. त्याआधी, मार्च १९६२ मध्ये, बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली होती. तिथे तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल पुढे आला, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही. कॉन्ट्रॅक्टर वाचले. कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत.

ही धमनी वेळ देते. म्हणूनच तिच्यामुळे झालेलं प्रत्येक मरण मला जास्त लागतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पोट्ट्याचा सीटी साफ आला. रात्रभर ठेवून सकाळी सोडलं. वडील बिलाबद्दल काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर दिसत होतं. दिसू दे. साफ सीटीचे पैसे वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज अकरा वर्षं झाली. २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी. शेफील्ड शील्डचा सामना, फिलिप ह्यूज ६३ वर खेळत होता. शॉन अ‍ॅबटचा आखूड चेंडू, ह्यूजचा हुक थोडा लवकर झाला आणि चेंडू हेल्मेटच्या खाली, डाव्या कानामागे मानेवर बसला. तो क्षणभर गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला आणि मग तोंडावर पडला. ही माझी व्हर्टिब्रल. धमनी दबून चिरली आणि रक्त मेंदूभोवती गेलं. २७ तारखेला तो वारला. सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. संघाचे डॉक्टर पीटर ब्रुकनर तेव्हा म्हणाले की वैद्यकीय साहित्यात अशा धमनी चिरण्याच्या शंभरेक नोंदी आहेत आणि क्रिकेटच्या चेंडूने झालेली त्याआधीची एकच.

मॅक्सव्हिलला ३ डिसेंबरला त्याच्या अंत्यविधीला भारतीय संघातून कोहली, मुरली विजय यांच्याबरोबर रोहित शर्माही गेला होता. रोहितचा जन्म नागपूरचा, बनसोडचा. आमच्या वर्गात त्या आठवड्यात मुलांनी विचारलं होतं, "सर, एवढं हेल्मेट असूनही?" मी फळ्यावर मान काढून दाखवली होती. त्या वर्षी शिकवलेलं मुलं विसरली नसणार.

मला त्या मृत्यूतली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. न्यू साउथ वेल्सच्या कॉरोनरने त्याची रीतसर चौकशी केली. गोलंदाजी, पंच, नियम, हेल्मेट, रुग्णवाहिकेला लागलेला वेळ, सगळं तपासलं. ४ नोव्हेंबर २०१६ ला निष्कर्ष दिला : अपघात, कोणी दोषी नाही. शॉन अ‍ॅबटला उरलेलं आयुष्य त्या उत्तरासह जगता येईल. धमनी कुठे आणि कशी चिरली हे नक्की माहीत होतं, म्हणूनच असं उत्तर देता आलं. आमच्या वरातीतल्या पोराला असं कोणतंच उत्तर मिळणार नाही, मेलेल्याच्या आईवडिलांनाही नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वकिलांना लिहून दिलं. दोन पानं. शेवटचं वाक्य असं : उपलब्ध शवविच्छेदन अहवालावरून रक्तस्रावाचा उगम निश्चित करता येत नाही. ते वाचून म्हणाले, "यानं ना मला फायदा, ना सरकारी वकिलाला." मी म्हणालो, खरं आहे. पण यापलीकडे एक शब्द लिहिला तर मी पुन्हा त्या तिसऱ्या वर्षाच्या दुपारी जाऊन उभा राहीन.

दुपारी एक तरुण वैद्यकीय अधिकारी भेटायला आली. ग्रामीण रुग्णालयात आहे, माझीच विद्यार्थिनी. बाळंतपणं, साप चावलेले, तापाची रांग, आणि त्यात पीएम. शवागारात एक बल्ब. कवटी कापायला हातकरवत. कापतो अटेंडंट, ही टिपणं घेते. मी तिला मानेचं विचारलं तर म्हणाली, "सर, मी सांगितलं की तोच म्हणते, मान कायले उघडता मॅडम, मार तर डोक्याले हाये." तिच्यावर रागावणं मला जमलं नाही. तिला कोणी हात धरून दाखवलं नाही. एमबीबीएसला असताना आम्ही तिला दहा पीएम लांबून पाहायला लावले, एवढंच.

मग तिच्याबरोबर दोन तास बसलो. कागदावर काढून दाखवलं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मेंदू आणि छातीतले अवयव काढायचे, म्हणजे मानेतलं रक्त निथळून जातं. नाहीतर सुरीनेच झालेला स्राव मार म्हणून वाचला जातो. मेंदू ओढायचा नाही, तळाच्या धमन्या ओढताना तुटतात आणि मग खरी फाट कुठली, आपण केलेली कुठली, ते कळत नाही. तळाशी रक्त दिसलं तर मेंदू लगेच फॉर्मेलिनमध्ये टाकायचा नाही. फॉर्मेलिनने गुठळी दगडासारखी होते आणि फुगा कायमचा तिच्यात पुरला जातो. आधी पाण्याच्या बारीक धारेखाली, बोटांनी, हळूहळू रक्त धुवायचं आणि कडं उघडं करायचं. फुगा असेल तर इथेच दिसेल. मग मान मागून, थराथराने उघडायची. मणक्यांच्या बाजूची हाडं काढून धमनी तिच्या खोबणीत पाहायची. सोय असेल तर मेंदू काढण्याआधीच खालून धमनीत रंगीत द्रव सोडायचा, गळती जिथे असेल तिथे तो बाहेर येतो. संशय राहिला तर वरचे मणके धमनीसकट काढून सूक्ष्मदर्शकासाठी पाठवायचे. भिंतीच्या थरांत रक्त शिरलेलं दिसलं तर ती चीर जिवंतपणी पडलेली.

"एवढं सगळं त्या बल्बखाली?" तिने विचारलं.

नाही. त्या बल्बखाली होणार नाही, आणि व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही. कवटी शाबूत, बाहेर मार थोडा, आत तळाशी रक्त, आणि मरण भांडणात : ही चार लक्षणं एकत्र दिसली की तिने तिथेच थांबावं, पोलिसांना लेखी सांगावं आणि देह मेडिकल कॉलेजकडे पाठवावा. नातेवाईक ओरडतील. गाडी मिळायला वेळ लागेल. तरी पाठवावा. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, जवळच सेवाग्राम आहे. विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांना हे अंतर काही तासांचं आहे.

ती जाताना कागद घडी करून पर्समध्ये ठेवून गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

रेशीमबागच्या मैदानावर सकाळी फिरायला. एकमेकांत घुसलेल्या आठ-दहा पिचवर पोरं खेळत होती. विदर्भाने मार्चमध्ये रणजी तिसऱ्यांदा जिंकली तेव्हापासून लेदर बॉल घेऊन येणारी पोरं वाढली आहेत, हेल्मेटंही दिसतात. मानेमागची पट्टी एकाच्याही हेल्मेटला नव्हती. ऑस्ट्रेलियाने १ ऑक्टोबर २०२३ पासून ती आपल्या खेळाडूंना वेगवान गोलंदाजीपुढे सक्तीची केली. गेल्याच महिन्यात मेलबर्नला नेटमध्ये १७ वर्षांच्या एका मुलाच्या मानेला चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. हेल्मेट होतं, पट्टी नव्हती. समोरच्या घरचा पोट्टा तिथे अंपायर म्हणून उभा होता, कानशिलावर अजून पिवळा डाग. त्याला थांबवून पट्टीचं सांगितलं, त्याने मोबाइलवर फोटो शोधून इतरांना दाखवला.

फिलिप ह्यूज आज ३७ वर्षांचा झाला असता.

घरी येऊन ग्रामीण रुग्णालयांतल्या माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना एक पत्र लिहायला घेतलं. लांबवलं नाही. माझ्या हातून जे राहिलं तेवढंच त्यांच्याकडे मागितलं आहे : कवटी शाबूत असेल आणि मेंदूच्या तळाशी रक्त असेल, तर मान उघडेपर्यंत मृत्यूच्या कारणाचा रकाना कोरा ठेवा. तुम्हाला उघडता येत नसेल, तर देह घाटावर जाऊ देऊ नका, ज्याला उघडता येतं त्याच्याकडे पाठवा.